डेकछिद्रमीमांसा

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगून टाकाव्यात, असा जुना दंडक आहे: विषय कोणता, प्रयोजन काय, अधिकारी कोण आणि या सगळ्यांचा परस्परसंबंध काय. दंडक मोडण्याइतके प्रस्तुत ग्रंथकाराचे नाव झालेले नाही, म्हणून तेवढे आधी उरकतो.

विषय सोपा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीसेक वर्षांत अमेरिकेत बनलेली गवत कापायची यंत्रे, त्यांचे पोलादी डेक, त्या डेकना पडलेली भोके, आणि ती भोके बुजवताना एरवी सभ्य असलेली माणसे एकमेकांशी का भांडतात, हा या ग्रंथाचा विषय. ज्यांनी डेक पाहिलेला नाही त्यांनी उपडी घातलेली परात डोळ्यांपुढे आणावी. तिच्या पोटात पाते गरगरते. यंत्र ढकलायचे असेल तर तिच्या पाठीवर इंजिन बसते. यंत्रावर आपणच बसायचे असेल तर ती चाकांच्या मधोमध खाली टांगलेली असते.

प्रयोजनाचे जरा अवघड आहे. काही हेतू असल्यावाचून मंदबुद्धीचा मनुष्यसुद्धा कामाला लागत नाही, असे मीमांसक धरून चालले. त्यांच्या काळी मॉवर नव्हते. साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राचा डेक वेल्डरकडून नीट करून घ्यायला जे पैसे पडतात, त्यात थोडी घासाघीस केली तर चालते सेकंडहँड यंत्र अख्खे मिळते. गवत कापणे हेच प्रयोजन म्हणावे, तर दुरुस्त झालेले यंत्र पुढे ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले आढळते आणि गवत कापायला दुसरेच, नवे, प्लास्टिकच्या टोपणाचे, ज्याच्याविषयी मालक चारचौघांत बोलत नाही असे यंत्र वापरात असते. तात्पर्य, डेक दुरुस्त करायचा तो डेक दुरुस्त व्हावा म्हणून. नैयायिक याला आत्माश्रय नावाचा दोष म्हणतात. गॅरेजात याला रविवार म्हणतात.

अधिकाऱ्यांचे तीन वर्ग. ज्याच्या गॅरेजात अजून मोटार मावते तो या शास्त्राचा अधिकारीच नव्हे. त्याने हे पान उलटावे. फायलींच्या मोडक्या कपाटाचे दार, “पत्रा चांगला आहे, कधीतरी लागेल” म्हणून ज्याने भिंतीशी वर्षानुवर्षे उभे करून ठेवले आहे, तो मध्यम. आणि गंजके यंत्र घरी आणताना “हे नुसतं सुट्या भागांसाठी आणलंय” असे घरच्यांना सांगणारा, पण ज्या यंत्रासाठी ते आणले तेही मुळात सुट्या भागांसाठीच आणले होते हे ज्याला आता आठवत नाही, तो उत्तम अधिकारी.

राहिला संबंध. वरील तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

उत्पत्तिप्रकरण

मूळ यंत्राला डेकच नव्हता, ही गोष्ट पुष्कळ अभ्यासक विसरतात. इंग्लंडात ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउड नावाचे गाव आहे. त्या खोऱ्यात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या, आणि ब्रिटिश फौजेच्या लाल डगल्यांच्या कापडाबद्दल ते खोरे नावाजलेले होते. (१८१७ साली खडकीच्या माळावर आपल्या लोकांनी ज्या रंगावर बंदुका रोखल्या, तो हा रंग. यापलीकडे मराठेशाहीचा प्रस्तुत विषयाशी संबंध जोडण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरतो.) लोकरीचे कापड तयार झाले की त्यावर उठलेली लव सारखी करावी लागे. त्यासाठी गिरण्यांत फिरत्या पात्यांच्या रुळाचे यंत्र असे. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने त्या यंत्राकडे पाहिले, मग बाहेरच्या हिरवळीकडे पाहिले, आणि १८३० साली पेटंट घेतले. जॉन फेराबी याच्या ओतशाळेत यंत्रे बनू लागली. १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम कारखान्याने बनवण्याचा परवाना मिळवला.

त्याआधी मोठ्या लोकांच्या हिरवळी दोघे राखत: लांब दांड्याचा विळा चालवणारे मजूर आणि मेंढ्या. आता क्रम पाहा. मेंढीच्या अंगावर लोकर, लोकरीचे कापड, कापडावर लव, लव कापायला यंत्र, त्या यंत्रावरून सुचलेले दुसरे यंत्र, आणि त्या दुसऱ्या यंत्राने मेंढीची गेलेली नोकरी. आपल्याच अंगावरच्या केसांनी असा दगाफटका झालेला दुसरा प्राणी मला ठाऊक नाही. मेंढी अगदीच हरली असेही नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्यांचा कळप चरत होता, आणि त्यांच्या लोकरीचा लिलाव करून पैसे रेड क्रॉसला देण्यात आले. वाचकांनी ही मेंढी ध्यानात ठेवावी. ती पुढे काम करणार आहे.

बडिंगच्या यंत्रात पाती एका स्थिर पट्टीला घासून कात्रीने कापावे तसे गवत कापतात. त्यात झाकण्यासारखे काही नाही. झाकायची पाळी आली ती आडवे पाते आले तेव्हा. हे पाते गवत कापत नाही, झोडपते. हिशेब सांगतो. एकवीस इंची पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचे टोक ताशी सुमारे ३०० किलोमीटरने धावते. अमेरिकी मानकाने पात्याच्या टोकाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातली आहे. म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर. या वेगाने जाणाऱ्या लोखंडाला वाटेत सुपारीएवढा गोटा भेटला, तर तो कुठे जाईल हे ठरवणारे एकच खाते आहे, ते म्हणजे डेक.

पण डेकला नुसते झाकण समजणे हा प्रौढ माणसाला न शोभणारा अडाणीपणा होय. पात्याच्या मागच्या कडा वर वळवलेल्या असतात. त्या खालून हवा ओढतात, त्या हवेने लोळलेले गवत उभे राहते, उभे राहिल्यावर कापले जाते, आणि तीच हवा कापलेले गवत घेऊन बाजूच्या तोंडातून बाहेर पडते. म्हणून डेकचा आकार हा वाऱ्याचा साचा आहे. त्याला भोक पडले की दोन खाती बिघडतात, गोट्याचे आणि वाऱ्याचे. पहिले खाते बिघडल्याचे नडगीला आधी कळते.

युद्धानंतर अमेरिकेत घरे उठली आणि घरांपुढे हिरवळी अंथरल्या गेल्या. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून वसलेल्या लेव्हिटाउनात तर आठवड्यातून एकदा गवत कापण्याची अटच रहिवाशांवर होती. १९५३ साली ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने ॲल्युमिनियमचे हलके इंजिन काढले. १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट हा बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर आला, १९६३ मध्ये जॉन डिअरचा ११०. दोन्ही सात अश्वशक्तीचे. इंडियानातल्या साउथ बेंडचा व्हील हॉर्स त्याआधीपासून होताच. यांचे गोत्र रंगावरून ओळखतात: कब कॅडेट पिवळा-पांढरा, डिअर हिरवा, व्हील हॉर्स लाल. लाल यंत्राखाली हिरवा डेक बसवलेला पाहून डोळ्यांत पाणी आलेले गृहस्थ आहेत. तो बसतो, चालतो, गवतही कापतो; पण मुलाबाळांच्या लग्नाच्या वेळी असल्या गोष्टी निघतात.

छिद्रस्वरूप

छिद्र ही वस्तू आहे काय? नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार मानले. वस्तू बनण्याआधी नसते तो प्रागभाव. नष्ट झाल्यावर नसते तो प्रध्वंसाभाव. कधीच कुठे नसते तो अत्यंताभाव. आणि ही वस्तू ती वस्तू नव्हे, तो अन्योन्याभाव. पात्याचा दांडा जिथून खाली येतो ते भोक कारखान्यानेच पाडलेले असते. गवत बाहेर फेकणारे तोंड तर डेकमधले सगळ्यात मोठे भोक. पण त्याला कोणी भोक म्हणत नाही, त्याला जाहिरातीत मानाचे पान मिळते. आपला प्रश्न गंजाने पडलेल्या भोकाचा, अर्थात प्रध्वंसाभावाचा.

आणि इथे शास्त्र मोठा घात करते. प्रध्वंसाभावाला आरंभ असतो, अंत नसतो, असा न्यायाचा सिद्धांत आहे. फुटलेला घट पुन्हा होत नाही; नवा होतो तो दुसरा घट. त्याच न्यायाने १९६३ सालचा जो पत्रा गंजून गेला तो गेला. त्या जागी वेल्ड केलेला तुकडा हा दुसरा पत्रा. म्हणजे भोक बुजत नाही. त्यावर पहारा बसतो एवढेच. नव्या वेल्डरला हे सांगू नये, त्याचा हात कापतो.

उलट टोकाला बौद्ध. यवन राजा मिलिंदाला भिक्षू नागसेनाने विचारले होते, की तुझा रथ म्हणजे नेमके काय: आस, चाके, जू, की दांडी? यातले एकही नाही, आणि यांच्यावेगळाही रथ नाही. रथ हे केवळ व्यवहारातले नाव. आता ज्या यंत्राचे इंजिन दुसऱ्यांदा बदलले, चाके तिसऱ्यांदा, आणि डेकचा निम्मा भाग कपाटाच्या दाराचा आहे, ते १९६३ चे की नाही? नागसेनांचे उत्तर सौदा करताना फार उपयोगी पडते. म्हणूनच जाणते लोक सगळ्यात आधी अनुक्रमांकाची पट्टी अलगद काढून कागदात गुंडाळून ठेवतात. सगळे पत्रे नश्वर. पट्टी तेवढी खरी.

गंजाची कारणे

डेकला गवत खाते. लोक म्हणतात पाण्याने गंजतो. नुसते पाणी वाळून जाते. ताज्या गवतात वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असते. झोडपलेल्या गवताचा लगदा डेकच्या पोटाला लिंपला जातो, आतून कुजतो, आंबतो, आणि त्याखालचा पत्रा दिवसचे दिवस ओला राहतो. त्या गवताला घातलेली खतेही सोबत येतात; पोटॅश आणि अमोनियाच्या खतांतले क्लोराइड आणि सल्फेट पोलादाला बाधतात. रंग होता तो वाळूच्या माऱ्याने आधीच उडालेला. मजबुतीसाठी कारखान्याने डेकवर जिथे दुहेरी पत्रा स्पॉट वेल्ड केला, तिथल्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरते आणि बाहेर यायला विसरते. तेव्हा डेक नेहमी सगळ्यात मजबूत जागीच आधी सडतो. यावर तत्त्वज्ञान करण्यासारखे पुष्कळ आहे, ते मी करीत नाही.

इथे एक पूर्वपक्ष उभा राहतो. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, तो का गंजत नाही? कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी याचा शोध घेतला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर लोहाच्या फॉस्फेटचा पातळ, घट्ट थर बसतो आणि पुढचा गंज थोपतो. हे सर्व मान्य. परंतु स्तंभाच्या पोटाला दर शनिवारी कोणी ओले गवत लिंपत नव्हते, ही बाब त्या विवेचनात यायला हवी होती. तरीही या परंपरेचा धागा थेट गॅरेजापर्यंत येतो. गंज मारायला जी फॉस्फोरिक ॲसिडची बाटली हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती गंजाचे फॉस्फेटच करते. दुसऱ्या जातीच्या बाटलीत टॅनिक ॲसिड असते. ती गंजाचे काळेभोर टॅनेट करते. हिरडा आणि हिराकस यांची जी शाई आपल्या पोथ्यांत दिसते, तिच्या काळेपणामागचे रसायन हेच. म्हणून टॅनिक ॲसिड लावलेला डेक पाहताना मला कुणीतरी बखर लिहायला घेतल्याचा भास होतो.

गंजाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. आयुर्वेदात लोखंडाच्या जुन्या मळाला मंडूर म्हणतात आणि त्याचे भस्म पांडुरोगावर देतात. रसशास्त्राने त्याची वयानुसार प्रतवारी केली आहे: शंभर वर्षांचा उत्तम, ऐंशीचा मध्यम, साठचा अधम, आणि साठीच्या आतला विषासमान. या हिशेबाने १९६३ चा जॉन डिअर ११० नुकता कुठे अधम वर्गात बसला. १९७५ च्या डेकचा गंज मात्र अद्याप विषासमान असून, तो झटकताना नाकाला फडके बांधावे. फडके एरवीही बांधावेच. त्याला रसशास्त्राचा आधार मिळाला, इतकेच.

परीक्षा

प्रथम स्पार्क प्लगची वायर काढावी. हे या शास्त्रातले आचमन. ते न करता डेकखाली हात घालणाऱ्याची बोटे मोजल्यावर कमी भरतात. ढकलायचे यंत्र कलते करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असे करावे, नाहीतर ऑइल फिल्टरात उतरते आणि पुढचा धूर पाहून शेजारी अग्निशामक दलाला बोलावतात.

मग चुंबक लावून पाहावा. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम. काही जुन्या लॉन-बॉय यंत्रांचे डेक मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहेत. दोन्ही दिसायला सारखे. ओळखायचे असेल तर एका कोपऱ्यात रंग खरवडून व्हिनेगरचा थेंब टाकावा: मॅग्नेशियमवर तो फसफसतो, ॲल्युमिनियमवर गप्प बसतो. ही परीक्षा करमणुकीसाठी नाही. मॅग्नेशियमचा भुसा पेटतो, आणि पेटल्यावर पाणी ओतले तर आणखी पेटतो. असल्या डेकवर ग्राइंडर धरणाऱ्याचा प्रस्तुत ग्रंथाशी संबंध इथेच संपतो.

पोलादी डेकवर हातोडी वाजवत जावे. निरोगी पत्रा टणत्कारतो, सडका भद्द बोलतो. भद्द बोलेल तिथे टोच्याने टोचावे. टोच्या आरपार गेला, की ग्रंथाचा पुढचा भाग वाचायचा अधिकार प्राप्त होतो. इथे एक नियम सांगून ठेवतो, त्याला अपवाद पाहण्यात आलेला नाही: भोक साफ केल्याने वाढते. तारेच्या ब्रशाआधी जे रुपयाएवढे असते ते ब्रशानंतर बशीएवढे होते. तेव्हा धूर्त लोक पाहुण्यांना डेक ब्रशाआधी दाखवतात आणि वेल्डरला नंतर.

ब्रश नको असेल तर विजेचा उपाय आहे. मोठ्या टबात धुण्याचा सोडा कालवावा, त्यात डेक बुडवावा, बॅटरी चार्जरचे ऋण टोक डेकला आणि धन टोक टाकाऊ लोखंडी पट्टीला जोडावे. दुसऱ्या दिवशी गंज सुटून चिखल होतो आणि चांगले लोखंड जागेवर राहते. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नये. तिच्यातून क्रोमियमचे विषारी रूप पाण्यात उतरते. हे काम उघड्यावर करावे, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. मोठ्या डेकला पुरेल असा टब सहसा नसतो, म्हणून अमेरिकेत पोरांचा डुंबायचा प्लास्टिकचा हौद वापरतात. पोरांची परवानगी कोणी घेत नाही.

ठिगळपंथ

आता आपण मूळ गाभ्याशी आलो. ठिगळ कसे लावावे यावरून जेवढे पंथ पडले, तेवढे ब्रह्माच्या स्वरूपावरून पडले नसतील.

डेकचा पत्रा साधारण चौदा ते दहा गेजचा, म्हणजे दोन ते साडेतीन मिलिमीटरचा. ठिगळही तेवढ्याच जाडीचे हवे, यावर सर्व पंथांचे एकमत आहे. एकमत इथेच संपते. आधी पुठ्ठ्याचा साचा कापतात, त्यासाठी न्याहारीच्या सीरियलचा डबा सर्वमान्य आहे. ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत. ही सौंदर्यदृष्टी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजे भराभर वेल्ड करून पाण्यात सोडली, त्यातल्या कित्येकांना तडे गेले, आणि हे तडे बरेचदा डेकवरच्या हॅचच्या चौकोनी कोपऱ्यांपासून निघालेले आढळले. ताण काटकोनात येऊन साचतो. जहाजांच्या डेकची ही शिकवण मॉवरच्या डेकने उचलली, पण तिचे श्रेय कुठे दिलेले आढळत नाही.

तडा असेल तर रीत निराळी. पात्याचा तोल गेलेला असला की डेकला दर फेऱ्याला हिसका बसतो आणि दांड्याच्या बैठकीभोवती चीर धावू लागते. तिला अडवायचे तर तिच्या टोकाला एक सुताचे भोक पाडायचे. टोकाची धार बोथट झाली की ताण पसरतो, चीर थांबते, मग वेल्ड करायचे. भोके बुजवायला बसलेल्या माणसाने पहिले काम म्हणून भोक पाडावे, हा या शास्त्रातला सर्वांत गहन प्रसंग आहे. घरातले कोणी त्याच क्षणी बघायला आले, तर समजावून सांगण्याच्या भरीस पडू नये.

पहिला पंथ अद्वैत्यांचा. सडका भाग पूर्ण कापून काढायचा, ठिगळ त्या खिडकीत काठाला काठ लावून बसवायचे, वेल्ड करून घासून सपाट करायचे, की जुने-नवे हा भेदच दिसू नये. पत्रा कडेला झिजून पातळ झालेला असतो, तिथे वेल्डची ज्योत टेकली की काठ वितळून खिडकी रुंदावते. अद्वैती मग मागे तांब्याची पट्टी धरतात. वेल्ड तांब्याला चिकटत नाही आणि तांबे उष्णता शोषून घेते. सलग ओढत नाहीत. इथे वेल्डचा एक ठिपका, समोर एक ठिपका, मध्ये चहा. घाई केली तर डेक तापून मुरडतो, आणि मुरडलेल्या डेकखालची पाती एका पातळीत राहत नाहीत. मग हिरवळीवर पायऱ्या उमटतात.

दुसरा पंथ द्वैत्यांचा. ते ठिगळ भोकावर ठेवतात आणि सभोवती वेल्ड करतात. जुने खाली, नवे वर, दोन्ही सत्य. काम तासाभरात होते, मजबूत होते. पण दोन पत्र्यांच्या मध्ये फट राहते, फटीत पाणी, आणि पाण्याचे पुढे काय होते ते मागच्या प्रकरणात आले आहे. अद्वैती म्हणतात, तुम्ही भोक बुजवत नाही, भोकाला खोली भाड्याने देता. द्वैती म्हणतात, तुमचा डेक अजून टेबलावर आहे, आमचा गवतात आहे. माझे मत द्वैत्यांकडे झुकते, पण दोघांच्या गॅरेजात मला चहा मिळतो म्हणून इथे अधिक लिहीत नाही. काठाला पायरी पाडून ठिगळ तिच्यात बसवणारे विशिष्टाद्वैतीही आहेत. त्यांच्याकडे पायरी पाडायची चिमटी असते आणि ती ते कोणाला उसनी देत नाहीत.

जस्ताचा पत्रा स्वस्त मिळतो म्हणून वापरू नये. वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जुने वेल्डर यावर दूध प्यायला सांगतात. दुधाने काही होत नाही. पण अंगभर काजळी माखलेला सहा फुटी वेल्डर पेला दोन्ही हातांत धरून दूध पीत असलेला पाहिला, की बाकीच्यांना बरे वाटते.

तिसरा पंथ रिवेटवाल्यांचा. त्यांना वेल्डिंग येत नाही. त्यांनी तसे म्हटलेले मात्र ऐकिवात नाही. ते म्हणतात, उष्णतेने पत्र्याचा स्वभाव बिघडतो. त्यांचे ठिगळ बहुधा जुन्या नंबरप्लेटचे असते. ती पुष्कळदा ॲल्युमिनियमची, डेक पोलादाचा, मध्ये ओले गवत. म्हणजे बॅटरीच झाली. विजोड धातूंच्या या संसारात ॲल्युमिनियम आधी झिजते. शिवाय रिवेटची शेपटे पोटात लोंबतात, त्यांना गवत अडकते. पण साठच्या दशकातली नंबरप्लेट साठच्या दशकातल्या डेकवर शोभते, आणि शोभेपुढे रसायनशास्त्राचे काय चालते?

उरला लेपपंथ. टेक्सासमधल्या सल्फर स्प्रिंग्ज गावच्या सॅम बोनहॅम यांनी १९६९ साली जे-बी वेल्ड नावाचा दोन नळ्यांचा लेप बाजारात आणला. आपल्या एम-सीलच्या जातीचा, पण तापात जास्त टिकणारा. सपाट जागी, बोटाएवढ्या भोकाला, मागे जाळी लावून भरला तर तो खरोखर धरतो. पण दांड्याच्या बैठकीपाशी, जिथे सगळा हिसका बसतो, तिथे लेप लावून वर रंग फासणारे आणि तसे यंत्र विकणारे लोक आहेत. शास्त्रात यांच्यासाठी प्रायश्चित्त सांगितलेले नाही. खरेदी करताना चुंबक त्या जागी फिरवावा; लेपावर तो सैल पडतो, आणि विकणारा आभाळाकडे पाहू लागतो.

तलरंगविचार

ठिगळ लागले, घासले, वरून गोत्राचा रंग चढला. प्रश्न राहतो पोटाचा. रंगवावे की नाही?

रंगवू नये म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद: चार वेळा गवत कापले की वाळू रंग खरवडून टाकते. रंगवावे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद: तेवढे चार वेळा तरी. काही जण ट्रकच्या हौद्याला मारायचा रबरी लेप लावतात. तो टिकतो, पण कुठे सुटला तर त्याच्याखाली गंज निवांत वाढतो. काही ग्राफाइटचा घसरडा रंग देतात, गवत चिकटू नये म्हणून. जुने लोक इंजिनचे जळके ऑइल फासत. त्याने डेक वाचे, हिरवळ काळी पडे आणि ते जमिनीत मुरे. ते करू नये. पाण्याची नळी जोडून आतून धुवावे, की कोरडे झाल्यावर लाकडी पट्टीने खरवडावे, यावरही दोन तट आहेत. धुणाऱ्यांच्या बेअरिंगांत पाणी जाते, खरवडणाऱ्यांच्या पाठीत उसण भरते. मी खरवडणाऱ्यांतला.

या सगळ्या वादावर अलीकडे एक तोडगा निघाला आहे आणि तो बहुतेकांना मान्य होताना दिसतो. हंगाम संपला की डेक खरवडून कोरडा करायचा आणि पोटाला लॅनोलिनचा फवारा मारायचा. तो वाळत नाही, पत्र्याच्या छिद्राछिद्रांत आणि दुहेरी पत्र्याच्या फटीतही रांगत जातो, पाण्याला धरू देत नाही. लॅनोलिन म्हणजे लोकर धुताना निघणारी चरबी. पावसात मेंढी आतपर्यंत भिजत नाही ती हिच्यामुळे. ज्या जनावराची नोकरी बडिंगने घालवली, त्याच्याच अंगचे तेल आता यंत्राच्या पोटाला दर हिवाळ्यात लागते, आणि ते पैसे देऊन विकत आणावे लागते.

फवारा मारल्यावर डेक गॅरेजात उभा करून ठेवावा, दार लावून घ्यावे. दोन दिवस त्याला ओल्या मेंढीचा वास येतो. माणसांना तो जाणवतो न जाणवतो, पण गल्लीतली कुत्री डेक चाटायला येतात, आणि ठिगळाच्या कडा त्यांच्या जिभेला लागू नयेत इतक्या गुळगुळीत घासलेल्या क्वचितच असतात.